खंडाळ्यावर समुद्र

पुण्याच्या लोहगावच्या धावपट्टीवरून सेस्ना विमान वर येतं, डावीकडे वळून दक्षिण धरतं. हडपसर मागे पडतं. आता दिवे घाटाची धार दिसायला हवी, तिच्यामागे सासवड, मग पुरंदरचा जाडजूड डोंगर. पण खाली पाहावं तर पाणी. निळं, सपाट, क्षितिजापर्यंत पसरलेलं. जिथे नीरा वाहते, जिथे शिरवळची कारखान्यांची पत्र्याची छपरं आहेत, जिथे खंडाळ्याच्या डोक्यावर खंबाटकीचा डोंगर उभा आहे, तिथे सगळीकडे समुद्र. सह्याद्रीतला एक दगडही पाण्याबाहेर नाही.

‘फ्लाइटगिअर’ हा विमान उडवण्याचा फुकट आणि खुला संगणकीय खेळ पहिल्यांदा उघडणाऱ्या अनेकांची गाठ या समुद्राशी पडते. बहुतेकांना वाटतं, काहीतरी बिघडलं. काही जण तिथेच खेळ काढून टाकतात. खरं तर बिघडलेलं काहीच नसतं. या कार्यक्रमाचा एक साधा नियम आहे: ज्या जागेची माहिती संगणकात नाही, तिथे समुद्र अंथरायचा. जमिनीचे तुकडे ‘टेरासिंक’ नावाची सोय इंटरनेटवरून लागतील तसे उतरवून घेते. खेळ सुरू करताना उघडणाऱ्या लाँचरच्या सेटिंगमध्ये ती बंद राहिली, मोबाइलचा डेटा संपला किंवा रेंज गेली, की विमान उडत राहतं आणि जमीन मात्र मागे राहते. सोय चालू करावी, दहा-पंधरा मिनिटं थांबावं, आणि मग डोंगर एकेक करून पाण्यातून वर येतात.

या कार्यक्रमाची गोष्ट १९९६ सालच्या एप्रिलमध्ये सुरू झाली. डेव्हिड मर यांनी मांडलेला प्रस्ताव असा होता: विमानाचे सगळे सिम्युलेटर कंपन्यांच्या कुलपात आहेत, तर हौशी लोकांनी मिळून एक उघडा बनवावा. १९९७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या कर्टिस ऑल्सन यांनी काम हाती घेतलं आणि त्याच वर्षी पहिली आवृत्ती आली. विमान हवेत कसं वागतं याचं गणित सुरुवातीला नासाच्या ‘लार्कसिम’मधून घेतलं होतं. पुढे जॉन बर्न्ट यांचं ‘जेएसबीसिम’ आलं, अँडी रॉस यांचं ‘यासिम’ आलं. फ्लाइटगिअरचा कोड जीपीएल परवान्याखाली आहे. म्हणजे तो कुणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. खंडाळ्यातल्या मुलाला यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. ती का, ते पुढे येईलच.

आधी एक गोंधळ निस्तरायला हवा. महाराष्ट्रात ‘खंडाळा’ म्हटलं की लोक लोणावळ्याच्या शेजारचा, बोरघाटातला खंडाळा समजतात. नकाशातही नाव टाकलं की बऱ्याचदा तोच पुढे येतो. सातारा जिल्ह्यातला, तालुक्याचं ठिकाण असलेला खंडाळा तिथून आग्नेयेला, पुणे–बंगळूर रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी आहे. फ्लाइटगिअरला गावाच्या नावांशी देणंघेणं नाही. त्याला विमानतळाची चार अक्षरी खूण कळते, पुण्याची ‘व्हीएपीओ’, कोल्हापूरची ‘व्हीएकेपी’. नाहीतर अक्षांश-रेखांश कळतात. आपला खंडाळा साधारण १८.०६ उत्तर, ७४.०२ पूर्व. लाँचरच्या ठिकाणाच्या पानावर हे आकडे आणि उंची भरली, की विमान थेट गावावर हवेत सुरू होतं. सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीसारखी ठिकाणंही अशीच आकड्यांनी गाठता येतात.

आणि हे आकडे नीट पाहिले, तर खंडाळ्याची एक गंमत कळते.

१८ अंश उत्तर आणि ७४ अंश पूर्व या दोन पूर्णांकी रेषा एकमेकींना छेदतात तो बिंदू खंडाळ्यापासून जेमतेम सहा-सात किलोमीटर दक्षिणेला आहे, घाटाच्या पलीकडे, वेळे-सुरूरच्या बाजूला. गडांवर फिरणाऱ्या जुन्या मंडळींना हे वेगळ्या वाटेने ठाऊक असतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे एकेका अंशाच्या चौकोनांत कापलेले आहेत, आणि ४७ एफ, ४७ जी, ४७ जे, ४७ के या चार चौकोनांची टोकं इथेच एकत्र येतात. पुणे एकात, वाई दुसऱ्यात. त्यामुळे या मुलखात भटकायचं तर एका नकाशावर भागत नसे. घडी घातलेले कागद शेजारी-शेजारी लावावे लागत.

फ्लाइटगिअरनेही पृथ्वी अशीच कापली आहे. आधी दहा-दहा अंशांचे मोठे कप्पे, त्यांत एकेका अंशाचे लहान. आपला सगळा पश्चिम महाराष्ट्र ‘ई०७०एन१०’ या मोठ्या कप्प्यात येतो. खंडाळा गाव ‘ई०७४एन१८’मध्ये. रस्त्याने थोडं पश्चिमेला सरकलं की ‘ई०७३एन१८’. घाट उतरून साताऱ्याकडे निघालं की ‘ई०७४एन१७’. वाईकडे वळलं की ‘ई०७३एन१७’. एका अंशाच्या कप्प्यात आपल्या अक्षांशावर पुन्हा चौसष्ट फरश्या असतात, प्रत्येक तेरा-चौदा किलोमीटरची. म्हणूनच खंडाळ्यावर उडणाऱ्याला समुद्र अर्धवट दिसतो. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला पाणी, मध्ये कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ. चारपैकी एक कप्पा उतरलेला नसतो, एवढंच.

ज्याच्याकडे इंटरनेट नीट चालत नाही, त्याच्यासाठी यातच उत्तर आहे. पुण्यात किंवा साताऱ्यात चांगली लाइन असलेल्या एखाद्या मित्राच्या संगणकावर हा भाग एकदा उडून घ्यावा. मग त्याच्या टेरासिंकच्या फोल्डरमधले हे कप्पे पेन ड्राइव्हवर आणून आपल्याकडे त्याच जागी ठेवावेत. ‘टेरेन’मध्ये जमीन असते, ‘ऑब्जेक्ट्स’मध्ये इमारती आणि खांब, ‘मॉडेल्स’मध्ये त्यांचे आकार. नुसतं ‘टेरेन’ आणलं तर जमीन येते आणि वरचं सगळं गायब असतं.

पण मुळात या डोंगरांची उंची मोजली कुणी? २००० सालच्या फेब्रुवारीत ‘एन्डेव्हर’ हे अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्याच्या पोटात एक रडार होतं आणि साठ मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरं. दोन डोळ्यांनी जशी खोली कळते, तशी त्या दोन रडारांनी पृथ्वीवरच्या जवळपास ऐंशी टक्के जमिनीची उंची टिपली. त्या अकरा दिवसांत खंबाटकीही मोजली गेली, मांढरदेवीचा डोंगरही, नीरेचं खोरंही. ही माहिती पुढे सर्वांसाठी खुली झाली आणि फ्लाइटगिअरचे डोंगर बहुतांशी तिच्यावर उभे राहिले. त्या मोहिमेची सुरुवातीला सर्वांसाठी प्रसिद्ध झालेली मापं साधारण नव्वद मीटरला एक बिंदू अशी होती. हा आकडा लक्षात ठेवावा. घाटावर पोचल्यावर तो लागणार आहे.

संगणकाबद्दल थोडक्यात. डाउनलोडचा आकार गिगाबाइटमध्ये मोजावा लागतो, तेव्हा रोजच्या मोबाइल डेटाच्या भरवशावर बसू नये. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असेल तर खिडकी उघडते आणि काळीच राहते. आधी ड्रायव्हर नवा करावा. चित्र अडखळत चाललं तर झाडं, ढग आणि शेडरची पातळी खाली आणावी, बराच फरक पडतो. आणि काळोख दिसला तर घाबरण्याआधी घड्याळ पाहावं. फ्लाइटगिअर त्या जागेवरचा खरा सूर्य वापरतो. रात्रीच्या जेवणानंतर पुण्याहून उड्डाण केलं तर पुण्यात रात्रच असणार. लाँचरमध्ये वेळ ‘दुपार’ निवडावी.

आता इंजिन. फ्लाइटगिअरसोबत येणारं ‘सेस्ना १७२पी’ हे खेळण्यातलं विमान नाही. इंधनाचा खटका ‘बोथ’वर हवा, मास्टर स्विच चालू हवा, मिश्रणाचा लाल दट्ट्या पूर्ण आत, गॅस थोडासा पुढे. गार इंजिनाला प्रायमरचे झटके द्यावे लागतात. महिरपी कंसाचं बटण तीनदा दाबून दोन्ही मॅग्नेटो चालू करायचे, आणि मग ‘एस’ दाबून धरायचं. नुसतं टिचकी मारल्यासारखं नव्हे, पंखा स्वतःच्या जोरावर फिरू लागेपर्यंत. घाईच असेल तर मेनूत ‘ऑटोस्टार्ट’ आहे. पण निदान एकदा हे सगळं हाताने करावं. गावाकडे शेतावरचं जुनं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू केलेल्या माणसाला यातली गोडी लगेच कळेल.

इंजिन सुरू झालं, आवाज घुमला, गॅस पूर्ण दिला आणि विमान जागचं हलत नाही, ही पुढची नेहमीची तक्रार. हात-ब्रेक लागलेला असतो, तो मोठ्या ‘बी’ने सुटतो. तरी हललं नाही तर बाहेरच्या दृश्यात जाऊन चाकांकडे पाहावं. या सेस्नाला खऱ्या विमानासारख्या चाकाखालच्या अटकणी आहेत, पंखांना बांधलेले दोर आहेत, वेग मोजणाऱ्या नळीवर टोपी आहे, आतल्या दांड्याला खीळ आहे. टोपी तशीच राहिली तर विमान उडतं, पण वेगाचा काटा शून्यावरच. ज्याने खऱ्या उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून हे सगळं तपासणारा वैमानिक कधी पाहिलाय, त्याला हा सगळा खटाटोप कशासाठी ते सांगावं लागत नाही.

धावपट्टीवर वेग घेताना विमान डावीकडे ओढतं. नवशिका जॉयस्टिकला दोष देतो, कीबोर्ड बदलतो, सगळं पुन्हा बसवतो. दोष कशाचाच नसतो. वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याने ढकललेली हवा विमानाभोवती गिरक्या घेत जाऊन शेपटीवर डावीकडून आदळते. पंख्याच्या फिरण्याची प्रतिक्रियाही डाव्या चाकावर भार टाकते. खऱ्या सेस्नात वैमानिक उजवा पाय दाबतो. पायांचे पेडल नसतील तर कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांमधलं ‘एंटर’ उजवं सुकाणू देतं, शून्य डावं. नमलॉक चालू आहे का, तेही पाहावं. आणि ‘टॅब’ला चुकून हात लागला तर माउसच विमानाचा दांडा होतो. मग मेनू शोधायला माउस हलवला की विमान नाक खाली घालतं. पुन्हा टॅब दाबत गेलं की माउस माउस होतो.

उंचीचा काटा जमिनीवरच जुळवून घ्यावा. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १९४२ फुटांवर आहे. विमान उभं असताना काटा दुसरंच काही दाखवत असेल तर हवेच्या दाबाचा खुंटा फिरवून तो १९४२ वर आणायचा. खरं हवामान चालू केलं असेल तर हा दाब रोज वेगळा असतो, आणि तापमानही खरंच येतं. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा ३८ अंशांवर असेल, तर लोहगावची हवा प्रमाणित हिशेबाने सुमारे पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. १६० अश्वशक्तीचं इंजिन तेव्हा धापा टाकतं आणि विमान रडतखडत चढतं. ‘आज विमान चढत का नाही’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा संगणकात नसतं, पुण्याच्या उन्हाळ्यात असतं.

लोहगाव ते खंडाळा ही सरळ रेघ सुमारे ५८ किलोमीटरची, दिशा १७० अंश. ही रेघ नकाशावर ओढली तर ती जवळजवळ नेमकी पुरंदर किल्ल्यावरून जाते. किल्ल्याचा माथा ४४७२ फूट. त्यामुळे तीन हजार फुटांवर निवांत निघालेला नवशिका साधारण दहाव्या मिनिटाला पुरंदरच्या कड्यावर आपटतो. साडेपाच हजारावर जावं. माथ्यावरून हजार फुटांची मोकळीक राहते, आणि या दिशेला जाणाऱ्या विमानांनी घ्यायच्या उंचीतही ती बसते. पुरंदर आणि त्याच्या शेजारचा वज्रगड खाली सरकले, की जमीन एकदम उतरते आणि नीरेचं खोरं उघडतं. पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू होतो. उजवीकडे लांब भाटघरचं पाणी, डावीकडे पुढे वीर धरणाचं. आणि त्यांच्यामध्ये शिरवळ. पश्चिमेला मांढरदेवीचा डोंगर ४६५० फुटांपर्यंत चढलेला, म्हणून त्या बाजूला खाली उतरायचं नाही. सरळ पुढे, डोंगराच्या कुशीत, खंडाळा.

एसटीच्या खिडकीतून ज्याने हा रस्ता शंभरदा पाहिला, त्यालाही वरून हा मुलूख नवा दिसतो. खंबाटकीची धार पूर्व-पश्चिम आडवी पडलेली असते, आणि उत्तरेचं पाणी नीरेला, दक्षिणेचं कृष्णेला का जातं, ते एका नजरेत कळतं. भूगोलाच्या पुस्तकातली पाणलोट क्षेत्र ही संज्ञा इथे डोळ्यांसमोर जमीन होऊन उभी राहते. शाळेत नकाशा शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे एकदा मुलांना दाखवावं, असं मनापासून वाटतं.

मात्र घाट शोधायला गेलं तर निराशा होते. ती वळणं, तो तुटलेला कडा, काहीच नीट दिसत नाही. डोंगर गुळगुळीत, साबणाची वडी वापरून झिजावी तसा. आता तो नव्वद मीटरचा आकडा आठवावा. दोन बिंदूंमध्ये जे काही आहे, दरड, खाच, वळण, ते मापात आलंच नाही. संगणक दोन्ही बिंदू सरळ जोडून टाकतो. बोगद्याचं तर आणखी वेगळं. साताऱ्याहून पुण्याकडे येणारी गाडी खंबाटकीच्या बोगद्यातून जाते, पण या जमिनीत एका जागेला एकच उंची लिहिता येते. वर डोंगर आणि आत पोकळी अशा दोन गोष्टी एकाच ठिकाणी मावत नाहीत. म्हणून फ्लाइटगिअरच्या जमिनीत खंबाटकी भरीव आहे.

काहीही अडलं तर पाहायची पहिली जागा एकच: ‘एफजीएफएस’ नावाची लॉग फाइल. लिनक्सवर ती घरच्या फोल्डरमधल्या ‘.एफजीएफएस’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. विंडोजवर वापरकर्त्याच्या ‘अॅपडेटा’मध्ये, ‘रोमिंग’खाली. कार्यक्रमाने काय काय उघडलं, काय सापडलं नाही, कुठे थांबलं, ते ओळीओळीने त्यात लिहिलेलं असतं. शेवटून वर वाचत गेलं तर बहुतेक वेळा दहा-वीस ओळींत चोर सापडतो: न मिळालेली फाइल, न उतरलेला कप्पा, न जुळलेली आवृत्ती. कुणाला मदत मागायची तरी ‘चालत नाही’ म्हणू नये, ही फाइल द्यावी. सेटिंगमध्ये इतकी ढवळाढवळ झाली असेल की काहीच उमगत नाही, तर ‘ऑटोसेव्ह’ नावाची फाइल बाजूला काढून ठेवावी. कार्यक्रम पुन्हा कोऱ्या पाटीने सुरू होतो.

एक इशारा द्यायलाच हवा. हाच कार्यक्रम नाव बदलून, चकचकीत चित्रं लावून, पैसे घेऊन विकणारे बरेच निघाले. परवान्यानुसार विकायला बंदी नाही, पण घेणाऱ्याला हे फुकट मिळतं हे न सांगता विकणं ही फसवणूकच म्हणायला हवी. मूळ प्रकल्पाच्या जागेवरून घ्यावा. एक रुपया लागत नाही.

सातारा-सांगलीच्या आकाशाला विमानाचं वेड नवं नाही. कराडची धावपट्टी १९५५ मध्ये कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधली गेली. मूळचे सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपात घराच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि पुढे २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत उठलं. मात्र घरच्या संगणकावरचं उड्डाण वैमानिकाच्या परवान्यात धरलं जात नाही, हे मुलांना आणि आईवडिलांना स्पष्ट सांगायला हवं. व्यावसायिक परवान्यासाठी खऱ्या विमानातले २०० तास लागतात आणि त्यांचा खर्च मोठा असतो. पण त्या वाटेला जायचं की नाही, हे ठरवण्याआधी उजवा पाय कशासाठी दाबायचा ते कळलेलं असणं, हीही थोडी गोष्ट नव्हे.

आणि आता ती मोलाची गोष्ट, दुसऱ्याला देण्याची. खंडाळ्याचे कप्पे उघडे आहेत. ‘ऑब्जेक्ट्स’मधल्या ‘एसटीजी’ फाइली साध्या मजकुराच्या आहेत. एका ओळीत वस्तूचं नाव, मग रेखांश, अक्षांश, उंची, दिशा. बस. फ्लाइटगिअरमध्ये ‘यूएफओ’ नावाची उडती तबकडी मिळते, ती या कामाला सोयीची. तबकडी गावावर आणून थांबवायची, यादीतून वस्तू निवडायची, जमिनीवर टिचकी मारायची. ती वस्तू तिथे उभी राहते आणि तिचे आकडे फाइलीत उतरतात. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या अशा एका दुपारी लावून होतात, कारण पवनचक्कीचा आकार आयताच मिळतो. आपल्या गावची पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, देवळाचं शिखर ‘ब्लेंडर’मध्ये बनवावं लागतं. ते प्रकल्पाकडे पाठवलं आणि स्वीकारलं गेलं, की जगभर टेरासिंक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या खंडाळ्यात ते दिसू लागतं.

सुरुवात कुठून करायची, हे खंडाळा तालुक्यातल्या कुणाला विचारायची गरज नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी याच तालुक्यातल्या नायगावात झाला. तिथे त्यांचं जन्मघर आणि स्मारक आहे. फीत घेऊन भिंती मोजता येतात, मोबाइलने चारही बाजूंचे फोटो घेता येतात, अक्षांश-रेखांश अंगणात उभं राहून लिहून घेता येतात. घरी आल्यावर चार भिंती, छप्पर, त्यावर फोटोतलं कातडं, आणि फाइलीत एक ओळ. मग पुन्हा लोहगावहून उठायचं, पुरंदर ओलांडायचं, नीरा लागली की हजारभर फूट खाली यायचं, वेग सत्तर नॉटवर आणायचा, फ्लॅप एक टप्पा सोडायचे, आणि डावीकडच्या खिडकीतून पाहत राहायचं.